हॅरोल्ड स्टर्लिंग व्हँडरबिल्ट

हॅरोल्ड स्टर्लिंग व्हँडरबिल्ट (६ जुलै, १८८४ – ४ जुलै, १९७०) हे अमेरिकन रेल्वे उद्योजक, शिडाच्या नौकांच्या शर्यतींतील कर्णधार आणि ब्रिजपटू होते. पत्त्यांच्या कॉन्ट्रॅक्ट ब्रिज या खेळाची गुणपद्धती त्यांनी १९२५ साली तयार केली.

जीवन

व्हँडरबिल्ट यांचा जन्म न्यू यॉर्क राज्यातील ओकडेल येथे रेल्वे व्यवसायातील धनाढ्य घराण्यात झाला. हार्वर्ड विद्यापीठात शिक्षण घेतल्यावर ते न्यू यॉर्क सेंट्रल रेल्वेच्या कारभारात शिरले. १९३०, १९३४ व १९३७ मध्ये त्यांनी अनुक्रमे एंटरप्राइज, रेनबो आणि रेंजर या नौकांवरून अमेरिका चषक राखला.

गुणपद्धती

लॉस एंजेलिसहून पनामा कालव्यामार्गे हवानाला जाताना फिनलंड या जहाजावर त्यांनी आपली पद्धती सोबत्यांसह खेळून पाहिली. तत्कालीन ऑक्शन ब्रिजमध्ये बोलीपेक्षा जास्त केलेले हातही गेमसाठी मोजले जात. फ्रान्समधील प्लाफाँ या खेळात मात्र बोली केलेलेच हात गेमसाठी धरत. व्हँडरबिल्ट यांनी हे तत्त्व स्वीकारून स्लॅमचे मोठे बोनस आणि 'व्हल्नरेबल' स्थितीतील वाढीव दंड यांची त्याला जोड दिली. आजच्या गणनेनुसार इस्पिक हुकुमात दहा हात केल्यास चारच्या बोलीला १२० गुण मिळून गेम पूर्ण होतो. दोनच्या बोलीला गेमसाठी केवळ ६० गुण धरले जातात.

खेळावरील परिणाम

यामुळे बोली उंचावली आणि ती पुरी करण्याची डिक्लेररची जबाबदारी वाढली. डमीचे पत्ते उघडताच, पहिले पान खेळण्यापूर्वी, तो बिनहुकमी डावात खात्रीचे हात मोजतो, तर हुकमी डावात जाणारे हात मोजतो. कमी पडणारे हात कोणत्या रंगातून मिळवायचे आणि हुकूम केव्हा काढायचे, हे तो आधीच ठरवतो. जास्तीच्या एका हातापेक्षा कॉन्ट्रॅक्टचे मोल मोठे असल्याने, पत्त्यांची वाटणी प्रतिकूल असली तरी डाव वाचावा म्हणून एक हात जाणूनबुजून सोडण्याची सुरक्षित खेळीही फायद्याची ठरते. जोड्यांच्या मॅचपॉइंट स्पर्धेत मात्र जास्तीच्या हातालाही महत्त्व असते.

वारसा

व्हँडरबिल्ट यांनी कृत्रिम एक किलवर बोलीवर आधारलेली बोलीपद्धतीही मांडली. त्यांनी १९२८ मध्ये सुरू केलेला व्हँडरबिल्ट चषक आजही खेळला जातो. १९३२ आणि १९४० मध्ये त्यांच्याच संघाने तो जिंकला. त्यांचे निधन ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्ट येथे झाले.