बिल्ला आणि त्यामागचे कष्ट

परीक्षांचे निकाल लागले की महाविद्यालयांच्या कचेऱ्यांपुढे प्रवेशेच्छू मुलांची व त्यांच्या पालकांची रांग लागते. प्रत्येकाच्या हाती प्रमाणपत्रांची फाइल असते. अशाच एका रांगेतील मुलाच्या फाइलीत स्काउटचा राज्य पुरस्कार पाहून, हा मिळविण्यासाठी काय काय शिकावे लागले, असे मी त्याला सहज विचारले. त्याला पटकन काही सांगता आले नाही. तो कागद कोठे कोठे उपयोगी पडतो, हे मात्र त्याला तोंडपाठ होते. दोष एकट्या त्या मुलाचा नव्हे. रेल्वेच्या नोकरभरतीत स्काउट-गाइडांसाठी काही जागा राखून ठेवल्या जातात. अशा वेळी पुरस्काराकडे शिडीची पायरी म्हणून पाहिले गेले, तर त्यात नवल ते काय? तथापि हे बिल्ले ज्या गृहस्थांनी प्रथम मुलांच्या बाहीवर लावले, त्यांना त्यातून काय साधावयाचे होते, हे एकदा पाहणे उद्बोधक ठरेल.

रॉबर्ट बेडन-पॉवेल यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी लंडन येथे झाला. वडील ऑक्सफर्डला भूमितीचे प्राध्यापक होते. रॉबर्ट तीन वर्षांचे असतानाच ते निवर्तले आणि मोठ्या कुटुंबाचा भार आईवर पडला. चार्टरहाउस शाळेत रॉबर्ट यांचे लक्ष पुस्तकांपेक्षा शाळेलगतच्या रानात अधिक रमे. ऑक्सफर्डच्या प्रवेशपरीक्षेत त्यांच्या पदरी अपयश आले. पुढे १८७६ मध्ये लष्कराच्या परीक्षेत मात्र शेकडो उमेदवारांतून घोडदळाच्या यादीत ते दुसरे आले आणि तेराव्या हुसार पलटणीत अधिकारी म्हणून लखनौला दाखल झाले. एका परीक्षेने नाकारलेल्या मुलाला दुसऱ्या परीक्षेने वर उचलले. माणसाची पारख एकाच मापाने होत नसते, ही जाणीव त्यांच्या पुढील कार्यात वारंवार दिसते. तिचे मूळ कदाचित या अनुभवात असावे.

हिंदुस्थानातील त्यांची पहिली वर्षे त्या काळच्या गोऱ्या अधिकाऱ्याला साजेशीच गेली. नाटके, चित्रे, घोडेस्वारी आणि भाल्याने रानडुकराची शिकार यांत ते रमले. या शिकारीच्या स्पर्धेतील कादिर चषक त्यांनी १८८३ मध्ये जिंकला. बक्षिसाचे आकर्षण काय असते, हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होते. १८९७ मध्ये पाचव्या ड्रॅगून गार्ड्‌स पलटणीचे प्रमुख म्हणून ते मीरतला आले. तेथे त्यांनी निवडक शिपायांना टेहळणीचे, माग काढण्याचे व नकाशावाचनाचे शिक्षण दिले आणि जे कसोटीस उतरले त्यांच्या बाहीवर होकायंत्रातील उत्तर दिशेच्या बाणाचे चिन्ह लावले. आज जगभर स्काउटचे म्हणून ओळखले जाणारे चिन्ह ते हेच. त्याचा जन्म हिंदुस्थानच्या मातीत झाला, ही गोष्ट पुढील हकिकतीसाठी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१८९९ मध्ये बोअर युद्ध पेटले. दक्षिण आफ्रिकेतील मॅफेकिंग या लहानशा गावाचा वेढा बेडन-पॉवेल यांनी २१७ दिवस झुंजवत ठेवला आणि मे १९०० मध्ये वेढा उठताच ते इंग्लंडचे लाडके वीर ठरले. त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांना मेजर-जनरलचा हुद्दा मिळाला. वेढ्याच्या काळात गावातील किशोरांच्या पथकाने निरोप पोहोचविण्याची कामे धीटपणे केली आणि जबाबदारी टाकली तर मुले ती पेलतात, हे त्यांच्या मनावर ठसले. पण या यशाला काळी किनारही आहे. वेढ्यातील आफ्रिकी रहिवाशांच्या वाट्याला आलेले अन्न गोऱ्यांच्या मानाने फार तुटपुंजे होते आणि त्यांतील अनेक जण उपासमारीने दगावले. यात बेडन-पॉवेल यांची जबाबदारी किती, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु वीरगाथा सांगताना ही माणसे विसरून चालणार नाही.

शिपायांसाठी लिहिलेले त्यांचे टेहळणीवरील छोटे पुस्तक मायदेशी शिक्षक आणि मुलेही वाचू लागली. त्यातून ऑगस्ट १९०७ मध्ये ब्राउन्सी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर भरले. श्रीमंतांच्या शाळांतील मुले व कामगारवस्तीतील मुले तेथे एकाच तंबूत राहिली. १९०८ च्या जानेवारीपासून ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक चार-चार पेन्सांच्या सहा भागांत निघाले आणि मुले स्वतःहून टोळ्या करू लागली.

या पुस्तकातील कसोट्या पाहण्यासारख्या आहेत. नवखा, द्वितीय श्रेणी आणि प्रथम श्रेणी अशा चढत्या पायऱ्या. द्वितीय श्रेणीसाठी दोनपेक्षा अधिक काड्या न वापरता विस्तव पेटवायचा, थोडे मांस व दोन बटाटे उघड्यावर शिजवायचे, होकायंत्राच्या सोळा दिशा सांगायच्या आणि बचत बँकेत निदान सहा पेन्स साठवायचे. प्रथम श्रेणीसाठी पन्नास यार्ड पोहायचे, शिल्लक एक शिलिंगवर न्यायची, आणि एका नवख्या मुलाला स्वतः तयार करून आणायचे. अर्थशास्त्राच्या शिक्षकाला यातील दोन गोष्टी विशेष वाटतात. एक म्हणजे रक्कम इतकी लहान आहे की गरिबाच्या मुलालाही ती साठविता यावी. मोजायची आहे ती श्रीमंती नव्हे, सवय. दुसरी अशी की येथे कोणाला हरवायचे नाही. एकाला बिल्ला मिळाल्याने दुसऱ्याचा हुकत नाही. उलट दुसऱ्याला वर आणल्याखेरीज वरची पायरीच मिळत नाही.

१९०९ मध्ये सातव्या एडवर्ड राजाच्या संमतीने ‘किंग्ज स्काउट’ ही श्रेणी निघाली. आपल्या राष्ट्रपती पुरस्काराची ती पूर्वज म्हणता येईल. त्याच वर्षी क्रिस्टल पॅलेसच्या मेळाव्यात हजारो मुले जमली व न बोलावता काही मुलीही आल्या. पुढच्या वर्षी बहीण ॲग्नेस यांच्या साहाय्याने मुलींची गाइड संघटना उभी राहिली आणि बेडन-पॉवेल लष्करातून निवृत्त झाले. बिल्ल्यांची संख्या वाढू लागली, तसा त्यांना तिच्यातील धोकाही दिसू लागला. शिक्षकांसाठी लिहिताना त्यांनी स्पष्ट केले की बिल्ला प्रावीण्याच्या उंचीबद्दल नसून मुलाने घेतलेल्या कष्टांबद्दल द्यावयाचा असतो. आणि बिल्ले कमावण्याची जागा बिल्ले गोळा करण्याच्या हव्यासाने घेऊ नये, यासाठी शिक्षकाने जागरूक राहिले पाहिजे. १९१९ पासून गिलवेल येथे शिकून तयार झालेल्या शिक्षकांना जे भूषण मिळू लागले, ते सोन्याचांदीचे नव्हे, लाकडी मण्यांचे होते.

मात्र कष्टांना प्रमाण मानणाऱ्या या चळवळीची कसोटी हिंदुस्थानात लागली, आणि तेथे ती उणी पडली. १९०९ पासून येथे आलेली स्काउट पथके गोऱ्या व अँग्लो-इंडियन मुलांपुरतीच होती. मीरतला जन्मलेले चिन्ह हिंदी मुलांच्या बाहीला वर्ज्य ठरले. तेव्हा १९१६ मध्ये मद्रासेत ॲनी बेझंट यांनी आणि १९१८ मध्ये अलाहाबादेत पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम वाजपेयी यांनी स्वतंत्र संघटना काढल्या. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल स्वतः येऊन गेले व बेझंटबाईंची संघटना अधिकृत संघटनेत सामील झाली. पण १९३७ मध्ये दिल्लीच्या मेळाव्यास आले असता हिंदी लोकांच्या चारित्र्याविषयी त्यांनी अपमानास्पद उद्‌गार काढले. त्यामुळे संताप उसळला आणि हिंदुस्थान स्काउट संघटना वेगळी उभी राहिली. अखेर स्वतंत्र भारतात ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काउट्‌स अँड गाइड्‌स’ ही एकत्र संघटना स्थापन झाली.

तोवर बेडन-पॉवेल हयात नव्हते. अखेरची वर्षे त्यांनी केनियातील न्येरी येथे काढली आणि ८ जानेवारी १९४१ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. सरदारकीपासून अनेक मानसन्मान त्यांना लाभले होते. त्यांच्या थडग्यावर मात्र माग काढणाऱ्या मुलांची एक साधी खूण कोरलेली आहे. वर्तुळ आणि त्याच्या मध्यभागी ठिपका. काम संपवून घरी गेलो, असा तिचा अर्थ.

या चरित्रातून दोन बोध निघतात. बिल्ला देणाऱ्याची दृष्टी समान नसेल, तर उत्तमातली उत्तम कसोटीही अन्यायाचे साधन होते. आणि बिल्ला हे नाणे झाले, तर नाण्याचा नियम त्याला लागतो: मागे तारण नसताना ते भरमसाट पाडले की त्याची किंमत उतरते. येथे तारण आहे ते मुलाच्या कष्टांचे, आणि ते तपासण्याचे काम शिक्षकाचे आहे. ‘प्रथम सोपान’, ‘द्वितीय सोपान’ ही आपली नावे मोठी अर्थपूर्ण आहेत, कारण सोपान म्हणजे पायरी, आणि पायरी चढावी लागते. शाळांनी वर्गात बसून वह्या भरून घेण्याऐवजी मैदानावर विस्तव पेटवून घेतला, जखम बांधवून घेतली, धाकट्या मुलाला शिकवून आणावयास सांगितले, तर पुरस्कार कदाचित थोडे कमी होतील. पण मग त्या रांगेतील मुलाला, काय शिकलास, या प्रश्नाचे उत्तर फाइलीत शोधावे लागणार नाही.