कोशकार नोहा वेब्स्टर

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना कधी कधी एक कोडे पडते. त्यांच्या पाठ्यपुस्तकात ‘कलर’ या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये ‘यू’ हे अक्षर असते. परंतु अमेरिकेत छापलेल्या पुस्तकात ते गाळलेले दिसते. ही छपाईची चूक नव्हे. हा भेद रूढ करण्यात ज्याचा वाटा फार मोठा होता, तो नोहा वेब्स्टर आरंभी एक साधा शाळामास्तर होता.

वेब्स्टरचा जन्म १६ ऑक्टोबर १७५८ रोजी कनेक्टिकटमधील वेस्ट हार्टफर्ड येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. त्या वेळी तेथे इंग्रजांचे राज्य होते. मुलाची विद्येची आवड पाहून वडिलांनी आपली शेती गहाण टाकली आणि १७७४ साली त्याला येल महाविद्यालयात धाडले. तो शिकत असतानाच स्वातंत्र्ययुद्ध पेटले. १७७८ मध्ये पदवी घेऊन तो घरी परतला, तेव्हा वडिलांपाशी देण्यासारखे फारसे काही उरले नव्हते. त्यांनी आठ डॉलरची एक नोट त्याच्या हाती ठेवली व यापुढे स्वतःच्या पायांवर उभे राहण्यास सांगितले. युद्धामुळे त्या नोटेची किंमतही पुष्कळ उतरली होती. वकिलीचा अभ्यास करावयाचा, तर आधी पोटाची सोय हवी. म्हणून वेब्स्टरने शिक्षकाचा पेशा पत्करला.

त्या काळच्या शाळांत लहानमोठी मुले एकाच खोलीत दाटीने बसत. पुस्तके थोडी, आणि तीही इंग्लंडातील लेखकांची. अमेरिकेतील मुले आपल्या नद्यांची व नगरांची नावे लिहावयास शिकण्यापूर्वी इंग्लंडातील गावांची नावे घोकीत. शिवाय प्रत्येक प्रांताची बोली निराळी. एकच शब्द कोणी एका रीतीने लिही, तर कोणी दुसऱ्या. राज्य स्वतंत्र झाले तरी भाषा विस्कळीत राहिली, तर ही तेरा राज्ये एक राष्ट्र म्हणून कशी नांदणार, ही चिंता त्या तरुण शिक्षकाला लागली. तिच्यातूनच त्याच्या साऱ्या लेखनाचा हेतू निश्चित झाला.

१७८३ साली त्याने मुलांसाठी स्पेलिंगचे एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. सोप्या शब्दांकडून कठीण शब्दांकडे नेणारे हे पुस्तक पुढे निळ्या वेष्टनावरून ओळखले जाऊ लागले. शंभर वर्षांत त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या. त्या वेळी लेखकाच्या हक्काचे रक्षण करणारा कायदा देशभर नव्हता. कोणीही उठावे आणि दुसऱ्याचे पुस्तक छापावे! वेब्स्टर राज्याराज्यांतून हिंडला, सभासदांना भेटला, अर्ज केले आणि लेखकाच्या श्रमांवर लेखकाचाच अधिकार असला पाहिजे हे पटवून देत राहिला. १७९० मध्ये तसा कायदा साऱ्या राष्ट्रासाठी झाला.

१७८९ साली त्याने स्पेलिंगच्या सुधारणेचा प्रश्न हाती घेतला. केवळ आपले मत सांगून तो थांबला नाही. त्याने एकामागून एक कारणे मांडली. उच्चाराप्रमाणे लिहिले तर मुलांचे व परक्यांचे शिक्षण सुलभ होईल. निरर्थक अक्षरे गेली, तर लिहिण्याचे श्रम व छपाईचा कागद वाचेल. सर्व प्रांतांचे उच्चार एकसारखे होतील. देशाची स्वतंत्र लेखनपद्धती झाली, की पुस्तकेही देशातच छापली जातील. पुष्कळांनी त्याची थट्टा केली. तेव्हा वेब्स्टरने लोकांना पचेल तेवढाच बदल पुढे ठेवला. ‘कलर’ व ‘ऑनर’ यांतील ‘यू’ गेला, ‘म्यूझिक’च्या अंती लिहिला जाणारा ‘के’ गेला, ‘सेंटर’च्या शेवटची दोन अक्षरे उलटली, आणि हे बदल टिकले. ‘टंग’, ‘विमेन’ यांसारख्या शब्दांची त्याने सुचविलेली रूपे मात्र लोकांनी स्वीकारली नाहीत.

यानंतर त्याने एका मोठ्या शब्दकोशाचा संकल्प केला. आरंभीच्या दोन अक्षरांचे काम झाल्यावर त्याला जाणवले, की शब्दाचे मूळ कळल्यावाचून त्याचा अर्थ नीट सांगता येत नाही. ‘लिहिणे’ या अर्थाचा एक लॅटिन धातू ध्यानी आला, म्हणजे ‘डिस्क्राइब’ आणि ‘मॅन्युस्क्रिप्ट’ हे दोन्ही शब्द एकाच घराण्यातील आहेत, हे उमगते. वेब्स्टरने काम बाजूला ठेवले आणि वीस भाषांतील शब्द ताडून पाहण्यात दहा वर्षे घालविली. अर्धवर्तुळाकार मेजावर निरनिराळ्या भाषांचे कोश मांडून ठेवलेले असत आणि तो एकाकडून दुसऱ्याकडे जात एकेका शब्दाचा माग काढी.

अखेरीस तो युरोपात गेला. पॅरिसमधील ग्रंथालयात काम करून, जानेवारी १८२५ मध्ये इंग्लंडातील केंब्रिज येथे त्याने शेवटचा शब्द लिहिला. त्या क्षणी त्याचा हात थरथरू लागला आणि मन शांत होईपर्यंत त्याला खोलीत येरझारा घालाव्या लागल्या. १८२८ साली, सत्तराव्या वर्षी, त्याचा कोश दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात ७०,००० शब्द होते. ‘स्कंक’, ‘हिकरी’ यांसारखे अमेरिकेच्या मातीतील शब्दही त्याने मानाने नोंदविले.

तथापि, ज्या मुळांसाठी त्याने एवढे कष्ट उपसले, तीच त्याच्या कोशाची दुबळी बाजू ठरली. साऱ्या भाषा एकाच प्राचीन भाषेतून निघाल्या, अशी त्याची समजूत होती. त्यामुळे केवळ ध्वनींच्या साम्यावरून त्याने अनेक शब्दांचे नाते जोडले. संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एका कुळातील असाव्यात, हे विल्यम जोन्सने कलकत्त्यास १७८६ मध्येच सांगितले होते. संस्कृत ‘मातृ’, लॅटिन ‘मातेर’ आणि इंग्रजी ‘मदर’ यांचे नाते याच वाटेने उलगडते. वेब्स्टर त्या वाटेने गेला नाही. १८६४ च्या आवृत्तीत एका जर्मन पंडिताने शब्दांची मुळे नव्याने लिहिली. पण वेब्स्टरने दिलेले नेमके व सुबोध अर्थ मात्र आदरास पात्र राहिले.

महाग असल्यामुळे कोश मंदगतीने खपला. पुढील आवृत्तीसाठी वृद्ध वेब्स्टरने आपले घर गहाण टाकले. वडिलांनी त्याच्या विद्येसाठी शेत गहाण ठेवले होते. त्याने त्या विद्येसाठी घर ठेवले. २८ मे १८४३ रोजी न्यू हेवन येथे त्याचा अंत झाला. आपल्या देशाची मुले आपल्या भाषेत एकत्र यावीत, या एकाच हेतूने त्याने साठ वर्षे लेखणी चालविली. म्हणूनच आजही अमेरिकेत वेब्स्टर हे नाव शब्दकोशाचे दुसरे नाव म्हणून ओळखले जाते.