रेव्हरंड टिळक : एका पाळकाचे मोठेपण

गेल्या नाताळात छावणीतील एका ख्रिस्ती भगिनीच्या घरी आम्ही मंडळाच्या चौघीजणी फराळास गेलो होतो. बोलता बोलता विषय निघाला, चर्चच्या पुढाऱ्याच्या अंगी कोणता गुण आधी हवा? कोणी वक्तृत्व म्हणाली, कोणी विद्वत्ता, कोणी कडक शिस्त. मला मात्र रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवले. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ आपल्यापैकी पुष्कळजणींनी वाचली असतील. त्यांचेच हे यजमान.

टिळकांचा जन्म १८६१ साली कोकणात करजगावी झाला. १८८० मध्ये त्यांचा विवाह झाला. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका परक्या गृहस्थाने त्यांना बायबलातील नवा करार दिला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाशच कोसळले. काही वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली. पुढे त्या अहमदनगरास (आजचे अहिल्यानगर) आल्या, तरी आपले सोवळेओवळे सांभाळूनच राहिल्या. टिळक स्वभावाने तापट, पण धर्माच्या बाबतीत त्यांनी पत्नीवर सक्ती केली नाही. १९०० साली लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या, त्या आपल्या मनाने. जो घरात वाट पाहू शकतो, तोच मंडळीतही वाट पाहू शकतो, असे मला वाटते.

१९०४ साली त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. पाळक झाल्यावरही त्यांनी आपला अभंग सोडला नाही, भजन सोडले नाही, कीर्तनही सोडले नाही. ख्रिस्ती उपासना मराठी माणसाला आपल्या घरची वाटावी, ही त्यांची तळमळ. त्यांची शेकडो गीते आजही मराठी चर्चमधून गाइली जातात.

त्यांच्यात दोष नव्हते असे नाही. हात सढळ, संसाराचा हिशेब कच्चा. त्याची झळ लक्ष्मीबाईंना सोसावी लागली, आणि ती त्यांनी मोकळेपणाने लिहूनही ठेवली. पण पैसा त्यांनी स्वतःसाठी कधी साठवला नाही. १९१७ साली तर मिशनची पगाराची नोकरीच त्यांनी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तेथे दार उघडे होते. पुढे दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, मुंबईस त्यांचे देहावसान झाले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे काव्य अपुरे राहिले. ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी.

भगिनींनो, विद्वत्ता व वक्तृत्व टिळकांपाशी भरपूर होते. पण माणसे त्यांच्याजवळ आली ती दुसऱ्या दोन गुणांमुळे. ते कोणाला ओढून नेत नसत, आणि मिळालेली जागा धरून बसत नसत.

हे लिहिताना मी स्वतःकडेही पाहिले. मंडळाच्या कार्यवाहपदावर मला नऊ वर्षे झाली. कपाटाची किल्ली माझ्याच पदराला आणि शेवटचा शब्दही माझाच. तरुण सुनांनी काही सुचवले की मी आमच्या वेळच्या गोष्टी सांगून त्यांना गप्प करीत असे. त्यांतल्या दोघी येईनाशा झाल्या, तेव्हा मी त्यांनाच दोष दिला.

या वर्धापनदिनी ती किल्ली मी त्यांच्या हाती देत आहे. सतरंज्या घालायला मी आहेच.