डॉ. भाऊ दाजी आणि अंगावरचा चट्टा

भायखळ्याच्या राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालयाला १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. समाजसुधारक आणि इतिहास संशोधक म्हणून ते परिचित आहेत. पण ते मुळात डॉक्टर होते, आणि कुष्ठरोगावर औषध शोधण्याचा ध्यास त्यांनी घेतला होता.

रामकृष्ण विठ्ठल लाड हे त्यांचे मूळ नाव. जन्म १८२२ चा, गोव्यातील मांद्रे गावचा. लहानपणीच कुटुंब मुंबईत आले. एल्फिन्स्टनमध्ये शिकून ते तिथेच शिक्षक झाले. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले, तेव्हा शिक्षकी सोडून ते पुन्हा विद्यार्थी झाले. १८५१ मध्ये पदवी घेणाऱ्या पहिल्या तुकडीत ते होते. व्यवसायात लवकरच जम बसला. धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासह त्यांनी गरिबांसाठी मोफत दवाखानाही चालवला.

त्या काळी कुष्ठरुग्णाला घर आणि गाव दोन्ही तुटत असे. भाऊंनी संस्कृत वैद्यक ग्रंथांतील औषधे तपासायला घेतली. कडू कवठाच्या बियांच्या तेलावर त्यांचा विशेष भर होता. १८६५ च्या शेअर बाजाराच्या कोसळीत त्यांची संपत्ती गेली, तरी हे काम थांबले नाही. मात्र औषधाची पुरती परीक्षा होण्याआधीच, ३१ मे १८७४ रोजी त्यांचे निधन झाले. याच जातीचे तेल पुढे १९४० च्या दशकात सल्फोन औषधे येईपर्यंत जगभर वापरले गेले.

औषध पारखायला भाऊंकडे माप नव्हते. नॉर्वेच्या हॅन्सन यांना कुष्ठरोगाचा जंतू दिसला तो १८७३ मध्ये. युरोपातही १८४१ मध्ये व्हिएन्नाच्या हेब्रा यांनी वेगळे काढेपर्यंत सोरायसिस आणि ‘लेप्रा’ या नावांचा घोळ होता. आणि एकाच रोगाचे एकाला दोन चट्टे, तर दुसऱ्याचे सर्वांग व्यापलेले, असे का, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

त्याचे उत्तर पुढच्या शतकात मिळाले. संरक्षक पेशी एकमेकींना रासायनिक निरोप धाडतात. त्यांना सायटोकाइन म्हणतात. कुष्ठरोगात इंटरफेरॉन-गॅमाचा निरोप जोरात असेल तर जंतू थोड्या जागेत कोंडले जातात; तो क्षीण असेल तर ते अंगभर पसरतात. कधी निरोपांचा अचानक भडका उडतो. चट्टे लाल होतात, नसा दुखतात आणि वेळीच स्टिरॉइड न दिल्यास हातापायांची ताकद जाऊ शकते. अशा वेळी कुष्ठरोगाच्या मूळ गोळ्या बंद करायच्या नसतात.

सोरायसिस जंतुसंसर्गाने होत नाही आणि तो स्पर्शाने पसरत नाही. तिथे टीएनएफ, इंटरल्युकिन-१७ आणि इंटरल्युकिन-२३ हे निरोप अति होतात. महिनाभरात बदलणारी त्वचा काही दिवसांतच बदलू लागते आणि खवले साचतात. गंभीर सोरायसिसची नवी इंजेक्शने नेमके हेच निरोप अडवतात.

चट्टा दिसला की आजही माणसे घाबरून लपवतात. सोरायसिसच्या जाड, रुपेरी खवल्यांना बहुधा खाज असते आणि स्पर्श कळतो. कुष्ठरोगाचा चट्टा अनेकदा बधिर असतो आणि सहसा खाजत नाही. निदान मात्र डॉक्टरांनीच करायचे. कुष्ठरोगाचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि रोग पूर्ण बरा होतो. तरीही पनवेलजवळ नेरे येथील शांतिवनासारख्या संस्थांना या रुग्णांसाठी उभे राहावे लागले, ते समाजाच्या भीतीमुळे. भाऊंना जे औषध हवे होते ते आज आपल्या हाती आहे. रुग्णाने वेळेवर यावे आणि घरच्यांनी त्याला दूर लोटू नये, एवढेच उरले आहे.