लोकमान्यांचा मधुमेह

यवतमाळ जिल्ह्यातील वणीचे सुपुत्र लोकनायक बापूजी अणे यांनी लोकमान्य टिळकांचे चरित्र संस्कृत काव्यात रचले. ‘तिलकयशोर्णव’ या ग्रंथाला १९७३ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा अणे हयात नव्हते. टिळकांच्या यशाचा हा अर्णव अथांग खरा. पण त्यांची अखेरची किमान बारा वर्षे ज्या आजाराच्या सोबतीत गेली, त्या मधुमेहाचे स्मरण आपण क्वचितच करतो.

२२ जुलै १९०८ रोजी, बावन्नाव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री, राजद्रोहाबद्दल त्यांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. मधुमेही कैद्याची प्रकृती पाहून सरकारने सक्तमजुरीऐवजी साधी कैद दिली आणि त्यांना मंडालेला पाठवले. तुरुंगात औषधापेक्षा पथ्याचाच आधार होता. सातूच्या पिठावर दिवस काढावे लागले. ‘गीतारहस्य’ लिहिले गेले ते अशा शरीराने, १९१०-११ च्या हिवाळ्यात, अवघ्या काही महिन्यांत!

१९१४ मध्ये सुटल्यावर विश्रांती कुठली? १९१६ मध्ये होमरूल लीग स्थापन झाली. वऱ्हाडही तिच्या कार्यक्षेत्रात होते. पाठोपाठ चिरोल खटल्यासाठी इंग्लंडची वारी. जुलै १९२० मध्ये मुंबईच्या सरदारगृहात हिवतापाचे निमित्त झाले, न्यूमोनियाने गाठले आणि १ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर त्यांची प्राणज्योत मालवली. इन्सुलिनचा शोध लागला १९२१ मध्ये, तोही दूर टोरांटोत.

लोकमान्य न्यूमोनियाने गेले, असेच आपण सांगत आलो. ते चूक नाही, पण अपुरे आहे. मधुमेहाने जंतुसंसर्गाशी झुंजण्याची शरीराची शक्ती घटते, हे आज सर्वमान्य आहे. तेव्हा मधुमेहाचा वाटा नेमका किती, हे आता सांगता येणार नाही. सध्याच्या वैद्यकीय मृत्युप्रमाणपत्रात मात्र यासाठी जागा आहे. पहिल्या भागात तात्कालिक कारणापासून मूळ कारणापर्यंतची साखळी, दुसऱ्या भागात मृत्यूला हातभार लावणारे अन्य आजार. मधुमेह कुठे लिहायचा, हा डॉक्टरांच्या विवेकाचा प्रश्न. घाईत तो दोन्हीकडून सुटला, तर वणीतले असो वा मुंबईतले, ते मरण आकडेवारीत केवळ न्यूमोनियाचे ठरते.