ताराबाई मोडक : शिक्षिकेचे शिक्षण

‘अंगणवाडी’ हा शब्द आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. आपल्यापैकी काहींची मुले अंगणवाडीत गेली असतील. काही भगिनी तेथे सेविका म्हणून कामही करीत असतील. आज सरकारी कागदपत्रांत सर्वत्र आढळणारा हा शब्द ज्या कामातून रूढ झाला, ते काम डहाणू तालुक्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावात सुरू झाले आणि त्यामागे ताराबाई मोडक होत्या. बालशिक्षणाच्या अग्रणी म्हणून त्यांचे चरित्र अनेकदा सांगितले जाते. या पाठात आपण ते थोड्या वेगळ्या बाजूने पाहणार आहोत. मुलाने आपले आपण शिकावे अशी इच्छा असेल, तर शिक्षकाने आधी काय शिकले पाहिजे, या प्रश्नाने ताराबाईंचा जन्मभर पाठपुरावा केला.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. घरात सुधारकी विचार नुसते बोलण्यापुरते नव्हते आणि त्यांची किंमतही कुटुंबाला मोजावी लागत होती. मुलींच्या शिक्षणाला त्या घरात अडसर नव्हता. १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळात पदवीधर स्त्री म्हटली की लोक वळून पाहत. पुढे विवाह होऊन त्या अमरावतीस गेल्या. परंतु तो संसार टिकला नाही आणि १९२१ च्या सुमारास लहान मुलीला घेऊन त्यांनी स्वतंत्र वाट धरली. या प्रसंगावर अनेकांनी पुष्कळ लिहिले आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एवढीच की, पोटापाण्यासाठी त्यांनी जी नोकरी पत्करली ती शिक्षिका तयार करण्याची होती. राजकोट येथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्या झाल्या.

त्या काळच्या अध्यापन विद्यालयांची रीत आपल्यापैकी ज्येष्ठांना आठवत असेल; ती फार नंतरपर्यंत टिकून होती. व्याख्याने ऐकावयाची, पाठाचे टाचण काढावयाचे, सरावपाठ द्यावयाचे आणि मागच्या बाकावर बसलेल्या परीक्षकाकडे डोळा ठेवून फळ्यावर लिहावयाचे. यात शिकणाऱ्या मुलाचे स्थान श्रोत्याचे असे. शिक्षिका होऊ पाहणारी स्त्रीही श्रोतीच असे. ऐकूनच जिची जडणघडण झाली, ती वर्गात गेल्यावर ऐकवू लागणार, हे ओघानेच आले. प्राचार्यपद हे प्रतिष्ठेचे आणि सुरक्षित स्थान होते. एकट्या स्त्रीने, तेही पदरी मूल असताना, ते सहजासहजी सोडू नये असेच कोणीही म्हटले असते. ताराबाईंनी ते सोडले आणि १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे दाखल झाल्या.

गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता मारिया माँटेसरी यांचे लेखन त्यांच्या हाती आले आणि वकिली मागे पडली. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली त्यांनी बालमंदिर सुरू केले होते. या बालमंदिरात ताराबाईंनी जे पाहिले ते नीट समजून घेण्यासाठी एका साधनाचा विचार करू. लाकडाच्या एका ठोकळ्यात दहा भोके असतात आणि प्रत्येक भोकात बसणारा वेगवेगळ्या जाडीचा एकेक दट्ट्या असतो. मूल सगळे दट्टे बाहेर काढते, मिसळते आणि पुन्हा जागच्या जागी बसवू पाहते. एखादा बारीक दट्ट्या मोठ्या भोकात गेला, तर शेवटी एक जाड दट्ट्या हातात उरतो आणि तो कोठेच बसत नाही. चूक झाली हे कोणीही न सांगता मुलाला कळते. ते पुन्हा सगळे काढते आणि पुन्हा लावते. येथे चूक दाखविणारा लाकडाचा ठोकळा आहे. म्हणून शिक्षिकेने गप्प राहावयाचे असते.

ही गप्प राहण्याची कला दिसते तितकी सोपी नाही. आपल्या घरातील लहान मूल बुटाची नाडी बांधू लागते तेव्हा आपला हात किती वेळ मागे राहतो, हे आपण आजच्या आज पाहू शकता. आपला हात पुढे जातो तो प्रेमापोटी. पण त्या क्षणी मुलाचे शिकणे थांबते. अध्यापन मंदिरात येणाऱ्या तरुण स्त्रीपुरुषांना हा आवरलेला हात शिकवावयाचा होता, आणि तो व्याख्यानाने शिकविता येत नाही. म्हणून मुले काम करीत असताना तेथे बसावयाचे, मूल काय उचलते, किती वेळ रमते, कोठे अडते आणि अडल्यावर काय करते हे टिपावयाचे, मग त्यावर बोलावयाचे, अशी घडण त्या पद्धतीतच होती. शिकविण्याआधी पाहणे आले. जी शिक्षिका पाहू शकते, तिलाच पुढचे साधन कोणत्या मुलासमोर केव्हा ठेवावे ते कळते.

मात्र याचा अर्थ शिक्षिका रिकामी बसते असा कोणी करू नये. साधन कसे हाताळावे ते ती एकदा, सावकाश आणि थोडक्या शब्दांत दाखविते. खोली, चटया, कपाटे मुलांच्या हाताला येतील अशी लावते. एक मूल दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करू लागले तर थांबविते. ताराबाईंनी पुढे शिस्तीविषयी लिहिले. स्वातंत्र्य आणि मोकाटपणा यांतला फरक पालकांना समजावून सांगताना त्यांना मोठे कष्ट पडले असावेत, असे त्या लेखनाच्या रोखावरून वाटते.

भावनगरात ताराबाई जवळजवळ दशकभर राहिल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाचे मुखपत्र म्हणून शिक्षणपत्रिका निघाली. ती गुजरातीत आणि पुढे मराठी व हिंदीतही प्रसिद्ध होऊ लागली. मराठी पत्रिकेचा भार ताराबाईंनी वाहिला. दूरशिक्षण हा शब्द तेव्हा कोणी वापरीत नव्हते. परंतु एखाद्या आडगावी एकटीच काम करणारी शिक्षिका महिन्याच्या अंकाची वाट पाहते, वाचते आणि दुसऱ्या दिवशी आपल्या वर्गात तसे करून पाहते, याला दुसरे काय म्हणावे? आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना ही नाती जवळची वाटावीत.

नंतर त्या मुंबईस आल्या. दादरच्या शिशुविहारात बालमंदिर आणि त्याला जोडून अध्यापन मंदिर असे काम उभे राहिले. मराठी मध्यमवर्गात माँटेसरीचे नाव याच सुमारास घरोघरी झाले. गिजुभाई जून १९३९ मध्ये निवर्तले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मारिया माँटेसरी स्वतः भारतात आल्या. पद्धतीला मान्यता मिळत होती, प्रशिक्षित शिक्षिकांना मागणी होती. कोणाही संस्थाचालकाने समाधान मानावे अशी ही स्थिती होती. पण साधने महाग होती, शुल्क देऊ शकणाऱ्यांचीच मुले बालमंदिरात येत होती, आणि खेड्यातील मूल या सर्वांच्या बाहेर उभे होते. जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्रामच्या परिषदेत महात्मा गांधींनी नई तालीमचा विस्तार आयुष्याच्या सर्व टप्प्यांपर्यंत केला. त्यात पूर्वप्राथमिक शिक्षणही आले. त्याच वर्षाच्या अखेरीस, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई बोर्डीला गेल्या आणि त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले.

येथे त्यांच्या साऱ्या पूर्वानुभवाची परीक्षा झाली. बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी उघडली ती मुले येईनात. आई सकाळीच मजुरीला जाई, पाच-सहा वर्षांची बहीण धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरे, आणि शाळा ही आपल्यासाठी असते असे त्या वस्तीला कोणी कधी वाटू दिले नव्हते. तेव्हा मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांकडे जाईल, असे ठरले. शिक्षिका सामान घेऊन हरिजनवाड्यात जात, एखाद्या घराचे अंगण झाडून घेत, मुलांना आंघोळ घालीत, केस विंचरीत आणि तेथेच गाणी, गोष्टी, खेळ सुरू होत. अंगणातली ही बालवाडी म्हणजे अंगणवाडी होय.

साधनांचा प्रश्नही येथेच सुटला. शिंपले, खडे, बिया, पाने, काड्या, बांबूचे तुकडे यांच्यावर वर्गीकरण, मोजणी, लहानमोठेपणा हे सारे होऊ शकत होते. कोणी म्हणेल, मग दट्ट्यांच्या पेटीतील ती आपोआप चूक दाखविणारी योजना कोठे राहिली? आक्षेप खरा आहे. शिंपल्यांच्या राशीत चूक उरून दिसत नाही. परिणामी जे काम कारागिराने लाकडात करून ठेवले होते, ते आता शिक्षिकेच्या कल्पकतेवर येऊन पडले. साधन स्वस्त झाले तसे शिक्षिकेचे शिक्षण अवघड झाले. माझ्या मते बोर्डीच्या प्रयोगातील हीच सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे; दुर्दैवाने तिच्याकडे कमी लक्ष गेले.

हे अवघड शिक्षण ज्यांनी पुरे केले त्यांत पहिले नाव अनुताई वाघ यांचे. बालपणीच वैधव्य आलेल्या अनुताई शिकून प्राथमिक शिक्षिका झाल्या होत्या. १९४५ साली त्या ताराबाईंच्या कामात आल्या तेव्हा पस्तीस वर्षांच्या होत्या आणि शाळेत शिकविण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. बालशिक्षण मात्र त्या बोर्डीच्या अंगणातच शिकल्या. आधीची सवय बाजूला ठेवून नव्याने पाहावयास शिकणे, हे कोऱ्या पाटीवर लिहिण्याहून कठीण असते. ताराबाईंनी त्यांच्यावर कामे सोपविली, जबाबदारी टाकली आणि हळूहळू स्वतः मागे सरकल्या. मुलाच्या बाबतीत जो आवरलेला हात, तोच येथे सहकाऱ्याच्या बाबतीत दिसतो.

१९५७ साली काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर नेण्यात आले. येथील मुले वारली समाजाची. वेठबिगारीविरुद्धचा वारल्यांचा लढा याच परिसरात, ताराबाई बोर्डीला आल्या त्याच १९४५ साली उभा राहिला होता. बाहेरून आलेल्या पांढरपेशा माणसावर विश्वास ठेवण्याचे या पाड्यांना काही कारण नव्हते. शिक्षिकेला वारली बोली शिकावी लागली. झाडे, पाखरे, मासे यांची नावे तिच्यापेक्षा मुलांनाच अधिक ठाऊक होती. भावंडे सांभाळावी लागतात म्हणून मोठी मुले शाळेबाहेर राहत. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी उभी करण्यात आली. धाकटे भावंड पाळणाघरात ठेवले की मोठी बहीण वर्गात बसू शके. गुरे राखणाऱ्या मुलांना तेही शक्य नव्हते. त्यांच्यासाठी शिक्षक गुरांमागे कुरणात गेले आणि कुरणशाळा सुरू झाली. घंटा, बाके, फळा यांतले काहीच नसताना शिकणे चालू राहते का, हे पाहण्याची याहून कठोर कसोटी शोधून सापडणार नाही.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण हा किताब मिळाला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. त्या योजनेने पोषण आणि लसीकरण यांबाबतीत केलेले काम मोठे आहे. तथापि आहार, वजने आणि नोंदवह्या सांभाळणाऱ्या सेविकेला, मूल खेळत असताना शांत बसून पाहण्यासाठी किती वेळ मिळतो, हे आपल्यापैकी ज्या भगिनी ते काम करतात त्याच अधिक नेमकेपणाने सांगू शकतील.

अनुताई कोसबाडलाच राहिल्या. ताराबाईंच्या मागे एकोणीस वर्षे, १९९२ साली स्वतःचे निधन होईपर्यंत, त्यांनी ते काम पुढे चालविले.