कोजा युसूफ ते टेरिबल टर्क : एका पैलवानाची बदलत गेलेली ओळख

आपल्या घरातली पोरं रात्री मोबाईलवर अमेरिकेतली कुस्ती बघत बसतात. रंगीत दिवे, आरडाओरडा आणि प्रत्येक पैलवानाचं एक ठरलेलं सोंग. कुणी राजा, कुणी भूत, कुणी पोलीस. जुन्या क्लिप्समध्ये कधी एखादा अरबी रुमाल बांधलेला किंवा फेज टोपी घातलेला पैलवानही दिसतो, आणि तो हमखास खलनायक असतो. पोरं विचारतात, हा आपल्यातला आहे का? आपल्याला पटकन उत्तर सुचत नाही.

म्हणून आज आम्ही एका पैलवानाची हकीकत सांगणार आहोत. त्यांनी स्वतः कुठलंच सोंग घेतलं नव्हतं, पण गाव बदललं, देश बदलला तसं लोकांनी त्यांच्या अंगावर एकेक सोंग चढवलं. शेवटी सोंग इतकं मोठं झालं की माणूस त्याखाली दिसेनासा झाला. त्यांचं नाव युसूफ इस्माईल.

वेड्या जंगलातला मुलगा

युसूफ यांचा जन्म १८५७ चा. शुमेन शहराच्या परिसरातल्या एका खेड्यात. तेव्हा हा मुलुख उस्मानी सल्तनतीत होता, आज तो बल्गेरियात आहे. या भागाला तुर्की लोक देलिओर्मान म्हणतात, म्हणजे वेडं जंगल. इथले तुर्की मुसलमान शेतकरी होते आणि कुस्ती त्यांच्या रक्तात होती. लग्न असो की जत्रा, कुस्तीशिवाय कार्यक्रम पुरा होत नसे.

ही कुस्ती आपल्या लाल मातीतली नव्हे. ती हिरव्या गवतावर खेळतात. पैलवान जाड कातड्याची चड्डी घालतो, तिला किस्पेत म्हणतात. मग डोक्यापासून पायापर्यंत अंगाला ऑलिव्हचं तेल चोपडतात. हात टाकावा तिथे निसटतो. ढोल आणि सनईसारखा झुर्ना वाजत असतो. सुरुवातीला एक पुकारा करणारा माणूस पैलवानांची नावं घेतो, त्यांचं कौतुक करतो, दुआ मागतो आणि मग कुस्ती लागते. मैदान मोकळं असतं, त्याला दोर नसतो की कठडा नसतो. पैलवान एकमेकांना रेटत रेटत कुठल्या कुठे जातात. आणि हार कशी ठरते? पाठ जमिनीला लागली आणि पोट आभाळाकडे झालं की खेळ खल्लास. आपण मराठीत अस्मान दाखवणं म्हणतो, तिकडे बेंबीने तारे पाहिले असं म्हणतात. मुलुख दोन, पण कल्पना एकच.

शब्दांचंही तसंच. तुर्कस्तानात पेहलिवान, आपल्याकडे पैलवान, दोन्ही फारसीतून आलेले. तिकडचा उस्ता आणि आपला वस्ताद एकाच उस्तादाची लेकरं. कोल्हापुरात ज्याला आपण तालीम म्हणतो तो शब्द तर सरळ अरबी, त्याचा अर्थ शिक्षण. त्यामुळे युसूफ पैलवान आपल्याकडच्या एखाद्या तालमीच्या दारात उभे राहिले असते तर कुणाला परके वाटले नसते.

तेलातल्या कुस्तीचं सगळ्यात मोठं मैदान म्हणजे एदिर्नेजवळचं किर्कपिनार. शेकडो वर्षांची ही परंपरा २०१० मध्ये युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. युसूफ यांच्या काळात तिथे वेळेची मर्यादा नव्हती. सकाळी लागलेली कुस्ती मगरिबपर्यंत चालायची. त्या मैदानावर अलिचो नावाच्या पैलवानाने पाव शतकाहून जास्त काळ कुणाला वर येऊ दिलं नव्हतं. १८८५ च्या सुमारास तरुण युसूफ त्यांच्यासमोर उभे राहिले. तुर्की लोक सांगतात, दिवस बुडाला तरी निकाल लागेना. तेव्हा म्हाताऱ्या सिंहाने स्वतःच ओळखलं की आता आपली जागा या पोराची आहे, आणि मोठेपण त्याच्या हवाली केलं. युसूफ यांचं पहिलं नाव पडलं ते इथे, कोजा युसूफ. कोजा म्हणजे मोठा, थोर. हे नाव त्यांच्या माणसांनी दिलं होतं, ते मेहनतीने कमावलेलं होतं, आणि त्यात आदर होता.

पॅरिस : तमाशातला तुर्क

युसूफ विशीत होते तेव्हा रशिया आणि तुर्कस्तानचं १८७७-७८ चं युद्ध झालं. बल्गेरिया वेगळा झाला. लाखो मुसलमानांना घरदार सोडून जावं लागलं. ज्या मुलखात कुस्तीने पोट भरायचं तो मुलुखच विस्कटला. अशा वेळी बाहेरून बोलावणं आलं तर पैलवान निघणारच.

१८९४ मध्ये दुब्लिए नावाच्या फ्रेंच माणसाने युसूफ आणि आणखी दोन तुर्की पैलवानांना पॅरिसला नेलं. तिथे कुस्ती नाटकशाळेत आणि सर्कशीत व्हायची, तिकीट लावून. नियमही वेगळे. तिथल्या ग्रीको-रोमन कुस्तीत कमरेखाली हात लावायचा नाही, पायाला धरायचं नाही. ज्यांनी आयुष्यभर किस्पेतला हात घालून कुस्ती मारली त्यांना हे म्हणजे एक हात बांधून लढायला सांगण्यासारखं. तरी युसूफ यांनी तिथल्या नावाजलेल्या साबेस या पैलवानाला काही सेकंदांत पाडलं. रातोरात नाव झालं.

पण कसलं नाव? पॅरिसच्या लोकांना कोजाचा अर्थ माहीत नव्हता आणि जाणून घ्यायचाही नव्हता. त्यांना हवा होता तुर्क. दांडगा, गप्प, पूर्वेकडून आलेला. १८९५ मध्ये युसूफ यांची इब्राहिम महमूत या दुसऱ्या तुर्काशीच कुस्ती लावली गेली. ती इतकी रक्तबंबाळ झाली की पोलिसांना मध्ये पडावं लागलं. इथे आम्ही झाकून ठेवणार नाही, युसूफ आखाड्यात कठोर होते. दयामाया दाखवणं हा त्यांचा धंदा नव्हता. पण दोन तुर्क एकमेकांना फाडताना बघायला तिकीट काढणारे आणि ती तिकिटं विकणारे, त्यांना मात्र कुणी क्रूर म्हटलं नाही.

न्यूयॉर्क : टेरिबल टर्क

१८९८ च्या सुरुवातीला युसूफ अमेरिकेत पोचले. त्यांच्या कुस्त्यांचा कारभार विल्यम ब्रेडी यांच्याकडे गेला. ब्रेडी म्हणजे नाटकं आणि मुष्टियुद्धं दोन्ही उभी करणारा पट्टीचा धंदेवाईक. त्यांना ठाऊक होतं, लोक पैलवान बघायला कमी येतात, राक्षस बघायला जास्त येतात.

काळही तसाच होता. १८९४ ते ९६ या वर्षांत उस्मानी राज्यात हजारो आर्मेनियन लोकांची कत्तल झाली होती. ती खरी होती आणि भयंकर होती, हे आपण मान्य केलंच पाहिजे. अमेरिकेतली वर्तमानपत्रं त्या बातम्यांनी भरली होती आणि तुर्क या शब्दाला भयंकर हे विशेषण चिकटूनच गेलं होतं. त्या कत्तलीशी काडीचा संबंध नसलेला देलिओर्मानचा एक शेतकरी पैलवान नेमका तेव्हा न्यूयॉर्कला उतरला. त्याच्या नावापुढे ते विशेषण लागलं, टेरिबल टर्क, भयंकर तुर्क.

युसूफ यांना इंग्रजी येत नव्हतं. आपल्याबद्दल काय छापून येतंय ते त्यांना वाचता येत नव्हतं, मग उत्तर काय देणार? सहा फुटांहून उंच, शंभर किलोंच्या वर वजन. ते किती खातात, कसे गुरगुरतात, याचीच वर्णनं रंगायची.

२६ मार्च १८९८ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अर्नेस्ट रोबर या अमेरिकी पैलवानाशी त्यांची कुस्ती झाली. उंच मंच, कडेला दोर नाही. रोबर सतत कडेकडे सरकत होता. युसूफ यांनी त्याला रेटलं आणि तो मंचावरून खाली कोसळला. पंचांनी युसूफ यांना बाद केलं. पब्लिक खवळलं, पोलिसांना आवरावं लागलं. दुसऱ्या दिवशी ठरून गेलं की हा माणूस रानटी आहे.

आता आम्हाला जे वाटतं ते सांगतो. रागाने ढकललं असेल, नाही असं नाही. पण जो माणूस तीस वर्षं मोकळ्या गवतावर रेटारेटी करत वाढला, ज्याच्या कुस्तीत मैदानाला कडाच नसतो, त्याच्यासाठी रेटणं हा डावाचाच भाग होता. त्याच्या गावात जी नेहमीची गोष्ट, तीच परक्या गावात गुन्हा ठरली. आणि समजावून सांगायला भाषा नव्हती.

३० एप्रिलला मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊसमध्ये पुन्हा याच दोघांची कुस्ती झाली. तीही मंचावर माणसं चढून, हाणामारी होऊन निकालाविना संपली. जूनमध्ये शिकागोला मात्र युसूफ यांनी इव्हान लुईस यांना हरवलं. लुईस साधे नव्हेत. गळा आवळण्याच्या त्यांच्या डावाची अख्ख्या अमेरिकेत धास्ती होती, लोक त्यांना स्ट्रँगलर म्हणजे गळा घोटणारा म्हणत. म्हणजे बघा, टोपणनाव दोघांचंही भीतीदायकच. पण लुईस यांचं नाव त्यांच्या डावावरून पडलं होतं, युसूफ यांचं त्यांच्या कौमवरून.

समुद्रात बुडालेला माणूस

शिकागोनंतर युसूफ परतीला निघाले. २ जुलै १८९८ ला ला बुर्गोन्य हे फ्रेंच जहाज न्यूयॉर्कहून सुटलं. ४ जुलैच्या पहाटे कॅनडाजवळच्या सेबल बेटापाशी दाट धुक्यात त्याची क्रोमार्टीशायर या ब्रिटिश शिडाच्या जहाजाशी टक्कर झाली. थोड्याच वेळात ते तळाला गेलं. साडेपाचशेच्या आसपास माणसं बुडाली. वाचलेल्यांत खलाशी बरेच होते आणि बाई फक्त एक. त्या जहाजावर माणुसकी कुणी सोडली, यावर तेव्हा जगभर गदारोळ झाला. युसूफ यांचाही तिथेच इंतकाल झाला. वय जेमतेम एक्केचाळीस.

इन्ना लिल्लाहि म्हणून इथे गोष्ट संपायला हवी होती. पण सोंगाने त्यांना मरणातही सोडलं नाही. वर्तमानपत्रांनी छापलं की कमाईचं सगळं सोनं त्यांनी कमरेच्या पट्ट्यात बांधलं होतं, ते सोडायला ते तयार झाले नाहीत आणि त्या वजनानेच बुडाले. काहींनी तर लिहिलं की होडीत जागा मिळवायला त्यांनी लोकांवर हत्यार चालवलं. ब्रेडीसुद्धा सोन्याची गोष्ट पुढे सांगत राहिले. जिथे शेकडो माणसं काही मिनिटांत काळ्या पाण्यात गेली, तिथे एकाच माणसाच्या मरणाला हाव आणि क्रौर्य चिकटवलं गेलं. कारण जिवंतपणी जो राक्षस विकला, तो मेल्यावरही राक्षसासारखाच मरायला हवा होता.

माणूस गेला, नाव उरलं

टेरिबल टर्क हे नाव इतकं चाललं की ते युसूफ यांच्याबरोबर बुडालं नाही. त्यांच्यानंतर अमेरिकेत गेलेल्या तुर्की पैलवानांना तेच चिकटलं. मग तुर्क असण्याचीही गरज उरली नाही. १९३० च्या दशकात अली बाबा नावाचा एक पैलवान भयंकर तुर्क म्हणून गाजला. तो होता हॅरी एकिझियन, सामसून शहरात जन्मलेला आर्मेनियन. पहिल्या महायुद्धात ज्यांच्या कत्तली झाल्या त्यांच्यातूनच वाचून आलेला. पोटासाठी त्याला तुर्काचंच सोंग घ्यावं लागलं. पुढे डेट्रॉईटमध्ये द शेख नावाचा खलनायक कित्येक वर्षं गाजला. आखाड्यात चटई टाकून तो नमाज पढल्यासारखं करायचा आणि पब्लिक शिव्या घालायचं. तो होता एड फरहात, लेबनानी ख्रिस्ती कुटुंबातला, अमेरिकेच्या फौजेत नोकरी केलेला माणूस.

म्हणजे पोरांच्या त्या प्रश्नाचं उत्तर असं की बाळांनो, तो बहुतेक वेळा आपल्यातला नसतोच. ते एक सोंग असतं आणि ते विकलं जातं.

तुर्कस्तानात मात्र लोकांनी जुनंच नाव जपलं. तिथल्या हवाई दलाच्या एका भल्यामोठ्या मालवाहू विमानाला कोजा युसूफ म्हणतात. अर्थात त्यांनीही आपल्या परीने दंतकथा रचल्या, कधीच न हरलेला, कधीच न चुकलेला युसूफ उभा केला. तोही एक मुखवटाच, फक्त सोनेरी. खरा माणूस दोन्हींच्या मध्ये होता. मेहनती, कठोर, परमुलखात एकटा, आपल्याबद्दल चाललेलं बोलणं न समजणारा.

आम्हाला या हकीकतीतून दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. एक, आपल्याला नाव कोण देतंय याकडे लक्ष असू द्या. शाळेत, ऑफिसात, बातम्यांत कुणी आपल्या मुलावर शिक्का मारला तर त्याला उत्तर देण्याइतकी भाषा त्याच्याजवळ हवी. मराठी हवी, इंग्रजी हवी, आणि बोलायची हिंमत हवी. युसूफ यांच्याकडे ताकद अफाट होती, फक्त जबान नव्हती. आणि दुसरी गोष्ट जास्त अवघड. ज्या चुकीने युसूफ राक्षस झाले ती चूक आपल्याही हातून होते. एका माणसाच्या गुन्ह्यासाठी अख्ख्या जमातीला नाव ठेवणं आपल्याही घरांत, आपल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर चालतं. त्या आर्मेनियन पैलवानाची आठवण ठेवली तर आपली जीभ जरा आवरेल.

अल्लाह मरहूम युसूफ पैलवानांची मगफिरत करो. यापुढे पोरं मोबाईलवर कुस्ती बघत बसली की त्यांच्या शेजारी दहा मिनिटं बसा आणि त्यांना कोजा युसूफ यांची ही गोष्ट सांगा. कोजा म्हणजे काय, तेही सांगायला विसरू नका.